जतनबाईच्या वतीने

दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी मिश्रीलाल यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दवाखाना बांधला, तेव्हा दारावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'सर्वांसाठी'. कोणी कोणत्या दाराने आत यायचं, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ते न लिहिताच सर्वांना माहीत होतं. व्यापारी पुढच्या दाराने येत. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया मागच्या दाराने. आणि गावाबाहेरच्या भिलाटीतली भिल्ल माणसं आत येतच नसत, त्यांना खिडकीतून बाटली मिळे.

स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली होती. त्या खोलीला छताचा पंखा होता, त्यामुळे विश्वस्त मंडळाच्या बैठका तिथे भरत. स्त्रिया बाहेर निंबाखाली बसत. मिश्रीलाल म्हणत, "निंबाची हवा औषधी असते."

मिश्रीलालांची बायको जतनबाई या दवाखान्यात कधी आली नव्हती. मोठ्या घरच्या बायका दवाखान्यात जात नसत, आणि जतनबाईचं घर गावात सर्वांत मोठं होतं. वर्षभर तिला थकवा होता. जिना चढताना ती मध्येच भिंतीला टेकायची. पण सासूसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ती सासूला, सायरबाईंना सांगायची. सायरबाई मुलाला सांगायच्या आणि मुलगा डॉक्टरला.

जतनबाई म्हणाली, "छातीत धडधड होते." सायरबाईंनी मुलाला सांगितलं, "हिला धडधड सहन होत नाही." घर स्टेशनजवळ होतं. मिश्रीलालांनी रुळांकडची खिडकी खिळे ठोकून बंद केली. पुढे जतनबाई म्हणाली, "चक्कर येते." ते मुलापर्यंत पोचलं ते असं : "माहेरी एक चक्कर मारायची म्हणते." मिश्रीलालांनी मिरचीचा हंगाम संपू दे म्हणून सांगितलं. आठवड्याला एकदा येणारे जुने डॉक्टर एवढ्यावरही औषध देत असत. लाल रंगाचं, गोड. ते घरातली मुलं आवडीने पीत.

मग ते डॉक्टर गेले आणि कुंदाबाई भिरूड आल्या. यावलकडच्या, शिकलेल्या, आणि बोलायला तिखट. पहिल्याच भेटीत मिश्रीलाल त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"काय होतंय?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मला नाही. घरी."

"मग त्यांना आणा."

"आमच्याकडच्या बायका दवाखान्यात येत नाहीत."

"मग हा दवाखाना बांधला कोणासाठी?"

"सर्वांसाठी," मिश्रीलाल अभिमानाने म्हणाले.

कुंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं. जीभ दाखवा." मिश्रीलालांनी बायकोच्या वतीने जीभ दाखवली. कुंदाबाईंनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. "लालबुंद. रक्त उत्तम आहे. तुमच्या घरी पुरुष आधी जेवतात ना?"

"अर्थात."

"दिसतंय."

औषध त्यांनी दिलं नाही. घरी येऊन तपासते म्हणाल्या. पण सायरबाईंनी ते ऐकताच कानांवर हात ठेवले. "दिवसभर कोणाकोणाला हात लावते ती! आणि मग माझ्या चौकात येणार?" प्रश्न तिथेच मिटला. जतनबाईला विचारायचं कोणाला सुचलं नाही.

चैत्रातल्या एका सकाळी सायरबाई सुनेला घेऊन जैन स्थानकात प्रवचनाला गेल्या. महाराज जीवदयेवर बोलत होते. ऐकता ऐकता जतनबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती पाण्याचं निमित्त करून बाहेर पडली. घराकडे जायचं म्हणून निघाली, आणि कोपऱ्यावर थांबली. मग घुंघट हनुवटीपर्यंत ओढला आणि दवाखान्याची वाट धरली.

त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून कुंदाबाईंनी निंबाखालच्या बाया स्त्रियांच्या खोलीत बोलावून घेतल्या होत्या. विश्वस्तांच्या कोचावर मिरच्या खुडणाऱ्या बाया दाटीने बसल्या होत्या. त्यांतल्या बेबाबाईने सरकून जागा केली.

"ये वं माय, आठे बस. काय व्हस तुले?"

जतनबाई कुजबुजली, "दम लागतो."

"माले बी लागस," बेबाबाई म्हणाली.

एवढी साधी गोष्ट जतनबाईकडून कोणी वर्षभरात ऐकली नव्हती.

कुंदाबाईंनी तिची नाडी धरली, तोच बाहेर जीप थांबली. धुळ्याहून आरोग्य खात्याचे साहेब पाहणीला आले होते. मिश्रीलाल घाईघाईने पुढे आले आणि दारातून हात हलवू लागले.

"चला, चला बायांनो, बाहेर निंबाखाली. साहेब येताहेत. त्यांना स्त्रियांची खोली दाखवायची आहे."

बाया सवयीने उठल्या. एक घुंघटवाली तेवढी बसून राहिली.

"ए बाई, ऐकू येत नाही का? ऊठ."

"म्हूं कोनी उठूं."

आवाज बारीक होता, पण खोलीत सर्वांना ऐकू गेला. मिश्रीलालांचा हात हवेतच राहिला. सोळा वर्षं ज्या आवाजाने त्यांना फक्त 'हूं' म्हटलं होतं, तोच आवाज 'नाही उठणार' म्हणत होता, आणि तोही चारचौघांत.

अर्धवट उठलेली बेबाबाई परत खाली बसली. तिचं पाहून बाकीच्याही बसल्या.

"तुमच्या ओळखीच्या आहेत का या?" कुंदाबाईंनी विचारलं.

"नाही... म्हणजे... गावातल्या सगळ्याच बाया मला बहिणीसार..." घुंघट किंचित हलला. "म्हणजे, मातेसमान..." हे त्याहून वाईट झालं.

तेवढ्यात साहेब दारात आले. "काय अडचण आहे शेठजी?"

मिश्रीलाल दारात आडवे उभे राहिले. "काही नाही साहेब. ही खोली स्त्रियांची. इथे पुरुषांनी येऊ नये, असा आमचा नियम आहे."

नियम नुकताच जन्मला होता. साहेबांना तो फार आवडला. खुर्च्या निंबाखाली मांडल्या गेल्या आणि साहेबांनी जमलेल्या पुरुषांना स्त्रियांच्या आरोग्यावर बराच वेळ मार्गदर्शन केलं.

आत कुंदाबाई जतनबाईला विचारत होत्या. जेवता कधी? सगळ्यांचं झालं की. काय खाता? उरेल ते. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पाळीत अंगावर फार जातं का?"

जतनबाईने मान हलवली आणि एकदम रडू लागली. हे सासूच्या आणि नवऱ्याच्या तोंडून डॉक्टरपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

"रक्त कमी झालंय तुमचं," कुंदाबाई म्हणाल्या. "या लोहाच्या गोळ्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. शौचाला काळी होईल, घाबरू नका. चणे, मेथी, शेवग्याचा पाला खा, वर लिंबू पिळा. आणि उरलेलं नाही, ताजं खा. रक्त जास्त का जातं तेही बघायला हवं. पुढच्या महिन्यात परत या. तुम्ही स्वतः."

त्या दिवशी घरी मिश्रीलाल बायकोशी बोलले, आणि तेही आईसमोर.

"कोणी ओळखलं असतं तर?"

"तुम्हीच नाही ओळखलं," जतनबाई म्हणाली. "दुसरं कोण ओळखणार?"

दुसऱ्या दिवशी मिश्रीलालांनी आईला सांगितलं की सून आता मुलांबरोबर जेवेल, डॉक्टरांचा हुकूम आहे. सायरबाई कितीतरी दिवस तिच्याकडे पाठ करून बसायच्या. जतनबाई घास चावत राहायची, आधी मान खाली घालून, मग हळूहळू वर करून.

दिवाळीच्या सुमारास ती न थांबता जिना चढून गच्चीवर गेली. त्याच आठवड्यात सायरबाईंनी मेथीची भाजी करून आपल्या हाताने तिच्या ताटात वाढली. तोंडाने मात्र म्हणाल्या, "काय एकेक आजकालच्या सुना!"