इंजिनातली माणसं

प्रबोधने चिमट्यात धरलेला चिमुकला मेकॅनिक दोन इंजिनांच्या मधल्या खोबणीत बसवला, आणि तेवढ्यात बेल वाजली. आरास स्पर्धेचे परीक्षक आले होते.

शहाण्णव सालचे गणपती. सिंगापूरच्या मराठी मंडळींनी आपापल्या फ्लॅटमध्ये थर्मोकोलचे कैलास उभे केले होते. क्लेमेंटी भागात प्रबोधच्या गणपतीमागे मात्र पहिल्या महायुद्धातलं जर्मन बॉम्बर विमान टांगलेलं होतं. चार इंजिनांचं. पंख या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत.

परीक्षक मनोहरराव कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"बाप्पाच्या मागे बॉम्बर?"

"बाप्पाच्या हातात परशू आहे, मनोहरराव. तो काय काकडी कोचवायला?"

हे त्यांना पटलं. खिरापत तोंडात टाकून ते जवळ गेले.

"छानच हो. बॉम्ब तर अगदी खऱ्यासारखे. फक्त इंजिनांत ही दोन माणसं बसवलीत ना, ती काढा. शोभा जाते. मग पहिलं बक्षीस तुमचंच."

प्रबोधची कानशिलं तापली.

"बॉम्ब ठेवू आणि माणसं काढू?"

"अहो, उडत्या विमानाच्या इंजिनात कोण बसतं?"

"हेच बसायचे! हवेत बिघडलेलं इंजिन हवेतच दुरुस्त झालं पाहिजे, अशी अटच होती. म्हणून दोन इंजिनं आणि मधे एक माणूस. खाली लंडन येऊन जायचं, याला पत्ता नाही."

"बसत असतील. पण दिसायला कशाला हवेत?"

"उभं आयुष्य जहाजाच्या तळाशी इंजिनाशेजारी काढलंय मी," प्रबोध कडाडला. "वर कॅप्टन पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेतो. नको मला तुमचं बक्षीस!"

मनोहरराव प्रसादाची वाटी ठेवून निघाले. बक्षीस कैलासालाच जाणार. कुठल्या, एवढंच ठरायचं होतं.

"म्हणे शोभा जाते!" प्रबोध पुटपुटत पुन्हा चिमटा घेऊन बसला. या गडबडीत एक मेकॅनिक कलंडला होता. त्याच्या डाव्या बाजूला बायको, मेधा, वाती वळत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं,

"ही माणसं घरी परतल्यावर त्यांना नीट ऐकू येत असेल का हो?"

प्रबोधने मेकॅनिकच्या पाठीला गोंद लावला. त्यावर फुंकर मारली.

मेधा उठली, वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि कानाशी वाकली.

"चहा ठेवू का?"

"ठेव की," तो म्हणाला.