गोड म्हटलेलं पेव

माझ्या नवऱ्याला शंका घ्यायची सवय होती, जशी इतरांना विडीची असते. मारुतीला तेल वाहिलं की, त्याला पोचतं कशावरून? सोयरीक जमली की, पोरगा चांगला कशावरून? उद्या दिवस उगवेलच हे तरी कशावरून? नाव रंगराव, पण मोताळ्याच्या बाजारापर्यंत सगळे त्यांना कशावरूनराव म्हणत. अमरावतीच्या कॉलेजात थोडे दिवस तर्कशास्त्र शिकले, हिवतापानं परत आले. ताप उतरला, तर्कशास्त्र काही उतरलं नाही.

घरचे कर्ते भगवंतराव, म्हणजे माझे भासरे, यांचे थोरले भाऊ. तेव्हा वऱ्हाड नागपूरच्या सरकाराखाली होतं. ते म्हणत, "आपलं राज्य नागपुरातून चालते, आन् ह्याचं डोकं अमरावतीतून. घरी कोणी नाहीच." आम्ही सगळे हसायचो. यांनाही हसू यायचं. शंका घ्यायची, सुपारी चघळत समोरच्याची फजिती पाहायची आणि मग तेच तेल मारुतीला स्वतःच्या हातानं वाहायचं, असा तो खेळ होता. त्यांच्या शंकेनं कधी कोणाचं काही अडलं नव्हतं.

त्या साली चैत्रात आम्ही पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीखालची ज्वारीची कोठी. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, पोट खोलीएवढं. कडब्याचं अस्तर लावून ज्वारी भरायची आणि वरून तोंड लिंपून टाकायचं. दाण्याबरोबर आत हवाही कोंडते, आणि ती कोंडलेली हवा माणूस मारते. म्हणून पेव उघडल्यावर तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. तो जळत राहिला की घरच्या कर्त्यानं चारचौघांत म्हणायचं, "पेव गोड हाये." हा शब्द एकदा निघाला की पेव रिकामं होईपर्यंत पुन्हा दिवा सोडायचा नाही. सोडणं म्हणजे कर्त्याला खोटं पाडणं. आमच्या गावात त्यावरून भाऊ भावाशी बोलेनासे झालेले मी पाहिलेत.

पहिल्या दिवशी दिवा चांगला जळला. भगवंतराव म्हणाले, "पेव गोड हाये."

"एका दिव्यानं काय सिद्ध होते, दादा?" हे सुपारी चघळत म्हणाले. "एका कोपऱ्यात दिवा जळत असन, आन् दुसऱ्या कोपऱ्यात हवा खराब असन."

"मंग सगळ्या कोपऱ्याईत दिवाळी करू काय बे?"

केवढे हसले लोक! आमचा सालदार गडी, नाव कारभारी, हसत हसतच आत उतरला आणि संध्याकाळपर्यंत टोपल्या वर देत राहिला. त्याला काही झालं नाही. कशावरूनराव पुन्हा एकदा तोंडावर पडले.

रात्री अवकाळी पाऊस झाला. घाईघाईनं पेवावर दगड ओढला, पोती टाकली, तरी पाणी आत गेलंच. सकाळी दगड सरकवला तशी आतून ऊन वाफ आली. आंबलेल्या कण्यांचा वास. मी जाऊबाईंजवळ, गोजरबाईंजवळ, ओट्यावर उभी होते, तिथवर आला. मी यांच्याकडे पाहिलं. सुपारी तोंडात होती, पण चघळत नव्हते. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"दादा, दिवा सोडा," ते म्हणाले.

"काल गोड म्हटलं ना म्या? आज काऊन कडू होईन?"

"पाणी गेलं आत. दाणा तापला. वास तर पाहा."

"काल बी शंका, आज बी शंका. कालची खोटी निघाली का नाही?"

"कालची उगाच व्हती, दादा. आजची खरी हाये."

यावर तर लोक पोट धरधरून हसले. बाजाराला ज्वारी न्यायला गाडी घेऊन आलेले अब्दुल गनीसुद्धा हसले. हसला नाही तो एकटा कारभारी. त्यानं हातातला दोर खाली टाकला. "मालक, मले डर लागून राह्यला," तो म्हणाला.

आता हसू थांबलं. सालदारानं दोर टाकला, म्हणजे कर्त्याचा शब्द चारचौघांत मातीत पडला. भगवंतरावांचा चेहरा पाहून गोजरबाईंनी माझा हात घट्ट धरला.

सुनेनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसतं. मी तोंड उघडलं नाही. घरात गेले, देवापुढचा दिवा उचलला, पदर पुढे ओढून तशीच पेवाशी आले, दोरीला दिवा बांधला आणि आत सोडला. कोणी मला अडवलं नाही, इतके सगळे थक्क झाले होते. दिवा तोंडातून खाली गेला आणि विझला. कोणी फुंकर मारावी तसा. मी तो वर ओढून हातात घेतला.

मला वाटलं, सुटलो.

भगवंतरावांनी दिव्याकडे पाहिलं, मग भावाकडे. हळू आवाजात म्हणाले, "एका दिव्यानं काय सिद्ध होते? तूच म्हनला ना काल?"

यांनी तोंड उघडलं आणि ते समजावून सांगू लागले. "ते येगळं, दादा. जळलेला दिवा आन् विझलेला दिवा एका तोलाचा नाही. जळाला, तरी शंका ठेवावी. विझला, तर मानून घ्यावं. काऊन, तं माह्यी चूक निघाली तर एका दिवसाचा खोळंबा. तुमची चूक निघाली तर..." बोट वर करून, शब्द निवडून निवडून ते बोलत होते. मुद्दा खरा होता, सोन्यासारखा खरा होता. मी म्हणते, आग लागो त्या मुद्द्याला! भावाची कंबर धरायची होती.

मुद्दा संपेपर्यंत भगवंतरावांनी दोर स्वतःच्या कमरेला बांधला होता.

"त्याइले धरा हो!" मी ओरडले. तोंड उघडायचं नसतं, तरी ओरडले. तोवर त्यांचं डोकं जमिनीखाली गेलं होतं.

आतून आवाज आला, "हे पाह्य, काहीच तर नाही..." आणि दोराला एकदम ओझं आलं.

कारभारी आणि अब्दुल गनींनी दोर ओढला. पेवाच्या गळ्यात खांदे अडकले. ते सोडवून बाहेर काढेपर्यंत चेहरा निळसर झाला होता. वारा घातला, पाणी मारलं, तळपाय चोळले. गोजरबाई छातीवर पडून हाका मारत राहिल्या. भगवंतराव गेले होते.

पुंजाजी गावातले सगळ्यात जुने पंच. काठीवर हनुवटी टेकवून ते म्हणाले, "ह्या गावात गोड म्हटलेलं पेव कधी कडू झालं नाही. शंका घेतली, म्हनून ते बाटलं."

कोणीतरी मान हलवून "हाव" म्हणालं. मग आणखी कोणी. माणसं जरा जवळ आली. आमच्या दाराची वाट आता दिसत नव्हती.

"रंगराव, देवाले स्मरून सांग," पुंजाजी म्हणाले. "तुह्या शंकेनं झालं असन काय हे?"

मला वाटलं, आता हे बोलतील. आंबलेला वास होता, रात्रीचं पाणी होतं, विझलेला दिवा माझ्याच हातात होता. एवढा पुरावा यांना आयुष्यात कधी मिळाला नसेल. ते भावाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "असू शकते."

त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं. काल उगाच शंका घेतली नसती, तर आजची खरी शंका दादांनी ऐकली असती. पण ते कळायला त्या माणसाशी संसार करावा लागतो. गावाला कळलं ते भलतंच.

"नाही म्हना!" मी त्यांचा सदरा ओढला. "एकदा तरी नाही म्हना!"

"नक्की नाही, असं कसं म्हनू, कोकिळा?"

गोजरबाईंचं रडणं थांबलं. त्यांनी नवऱ्याच्या छातीवरून डोकं उचललं, कपाळावरचं कुंकू गालापर्यंत पसरलं होतं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊजी, म्हंजे तुमी मारलं त्याइले?"

सगळा जमाव थांबला. आणि माझा नवरा त्या प्रश्नाचाही विचार करू लागला.