ओपलबाईंसाठी निवडलेलं गुलाबी पिस्तूल

मित्रांनो, या जगात राज्यं उभी राहिली ती आमच्या जोरावर आणि कोसळली तीही आमच्याच जोरावर. राजे, सेनापती, दरोडेखोर, सगळ्यांनी आमच्यापुढे मान तुकवली. आम्ही तोंड उघडलं की इतिहासाला वळण लागतं, असं आमच्या घराण्यात मानतात. मी त्याच घराण्यातलं एक जुनं पिस्तूल आहे. लांबी वीतभरही नाही, मूठ गुलाबी, आणि उमेदीची दोन वर्षं मी पेपरमिंटच्या गोळ्यांची राखण करण्यात घालवली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादातून मला कोरून काढलं, घासलं, तेल पाजलं. शेवटी एका दणकट बाईने माझा वरचा सरकता भाग मागे खेचून सोडला. त्याला स्लाइड म्हणतात. तो मागे ओढून सोडल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. मोठ्या पिस्तुलाच्या स्लाइडमधली स्प्रिंग ऐसपैस असते. माझ्यासारख्या ठेंगूची आखूड आणि हट्टी. ती बाई "हं" म्हणाली आणि तिने पुढचं पिस्तूल उचललं. पुढे बरेच दिवस मला त्या "हं"वरच भागवावं लागलं.

तिथून मी अमेरिकेतल्या अर्कान्सॉ राज्यात, कॉटर्स बेंड नावाच्या गावी, गस प्रुइटच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर पुरुषांची पिस्तुलं होती, खालच्या फळीवर बायकांसाठीची. खालच्या फळीवर मी चार महिने बसलो. त्या चार महिन्यांत एकही बाई वाकून पाहायला आली नाही. यायचे ते नवरेच.

वेंडेल टॅकेटही असाच आला. लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेला, उंच, अबोल माणूस. त्याने दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहून घेतलं आणि मग बोलला.

"गस, माझ्या हृदयाची झडप बदलायचीय. वसंतात. डॉक्टर म्हणतो, बहुतेक निभेल."

"बहुतेक म्हणाला ना? मग झालं तर."

"माझं सोड रे. आमचं घर बघितलंयस तू. खडीच्या रस्त्याच्या टोकाला. शेजारी म्हणावा तर चार मैलांवर. मी गेलो तर ओपल एकटी राहणार तिथे. मला झोप लागत नाही गड्या."

गसने हनुवटी खाजवली. "ओपलबाईंना का नाही आणलंस?"

"लग्नाचा वाढदिवस आहे. तिला कळू द्यायचं नाहीये."

"मग हे घे. बाईचा हात लहान, तर पिस्तूलही लहान. पर्समध्ये मावतं. आणि मूठ बघ, गुलाबी!"

मित्रांनो, बुटक्या माणसाला बुटकी शिडी द्यावी, तसा हा हिशोब होता. पण कपाटातल्या वस्तूला मत विचारत नाहीत. वेंडेलने मला तळहातावर झुलवलं, स्लाइड एका झटक्यात ओढली आणि समाधानाने मान हलवली. वखारीत ओंडके उचलून त्याचा हात नांगराच्या फाळासारखा झाला होता. आपल्या हाताला जमलं ते सगळ्यांच्या हाताला जमतं, असं त्याने गृहीत धरलं.

वाढदिवसाला तळलेला मासा आणि मक्याचा पाव होता. ओपलबाईंनी खोक्यावरची फीत सोडली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या आधी या घरात अशा भेटी येऊन गेल्या होत्या: एक लाकूड कापायची यांत्रिक करवत, आणि एक मासेमारीची होडी. होडीवर ओपलबाईंचं नाव रंगवलेलं होतं. बाई तिच्यात एकदाही बसल्या नव्हत्या.

"गुलाबी आहे," त्या म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच म्हणून."

"वेंडेल, चव्वेचाळीस वर्षांत माझ्या अंगावर कधी गुलाबी बघितलंयस?"

"म्हणूनच तर! बदल नको का काही?"

दुसऱ्या दिवशी कुरणात कुंपणाच्या खांबावर डब्यांची रांग लागली. एकच गोळी भरून, स्लाइड ओढून वेंडेलनेच मला बाईंच्या हातात दिलं. मी लहान असल्यामुळे माझा धक्का मोठा बसतो. जड पिस्तूल धक्का स्वतः पचवतं, मी तो आलेल्या पाहुण्यासारखा थेट हाताकडे पाठवतो. गोळी कुठे गेली ते कळलं नाही. डबे जागच्या जागी होते. बाईंच्या अंगठ्याजवळची कातडी मात्र सोलून निघाली.

"सवय होईल," वेंडेल म्हणाला.

"तुझ्या घोरण्याची अजून व्हायचीय," ओपलबाई म्हणाल्या आणि अंगठा चोखत घरात गेल्या.

तिसऱ्या दिवशी वेंडेल गावात गेला असताना बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. गोळ्यांचं मॅगझिन आधी मुठीतून काढून बाजूला ठेवलं आणि स्लाइड ओढायला सुरुवात केली. हाताने ओढली, हलली नाही. फडक्यात धरून ओढली. बरणीची झाकणं उघडायचं रबर आणलं, त्याने ओढली. मी तसूभर मागे सरकलो आणि परत जागेवर आलो. एकतीस वर्षं बाईंनी कोंबड्यांच्या कारखान्यात, थंडगार पट्ट्यावर, मिनिटाला कितीतरी कोंबड्यांचे सांधे सोडवले होते. कोंबड्यांचे सुटले, बाईंचे धरले. अंगठ्यांच्या मुळाशी गाठी आल्या होत्या.

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. दोघांपैकी कोणालाच बोल लावला नाही. मॅगझिन उचललं, बटणांच्या डब्यात तळाशी घातलं, वर बटणं ओतली, आणि तो डबा कुलपाच्या कपाटात ठेवला. मला रिकाम्या पोटी पर्समध्ये टाकलं.

त्या दिवसापासून घरात एक रीत पडली. बाई उंबऱ्यापाशी आल्या की खुर्चीतून आवाज यायचा, "आहे ना बरोबर?"

"आहे."

एवढं झालं की वेंडेल डोळे मिटायचा. भर दुपारीसुद्धा त्याचं घोरणं फाटकापर्यंत ऐकू यायचं. बाई फाटकापाशी थांबून ते ऐकायच्या आणि मग गाडीत बसायच्या.

वसंतात झडप बदलली. निभलं. वेंडेल घरी आला, पूर्वीपेक्षा जरा हळू चालायला लागला, पण प्रश्न तोच विचारायचा आणि उत्तरही तेच मिळायचं. माझं काम म्हणाल तर पर्समध्ये पडून राहणं. सोबतीला चष्म्याचं घर, कूपनं, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या. चर्चमधली सगळी पोरं प्रवचन लांबलं की ओपलबाईंच्या पर्सवर डोळा ठेवून असायची. उन्हाळ्यात गाडीत गोळ्या वितळायच्या. दोन वर्षांत मला कोणी तेलाचा थेंब दाखवला नाही. नळीत धूळ साचली. मुठीत, जिथे मॅगझिन बसायचं, तिथे भलतंच काहीतरी बसलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

एका रविवारी नात रेनी आजी-आजोबांच्या मध्ये बसली होती. वय वर्षं पाच. प्रवचन बायबलातला योना माशाच्या पोटात गेल्याचं होतं आणि योना बाहेर यायची चिन्हं दिसत नव्हती. रेनीने आजीला न विचारता पर्समध्ये हात घातला. गोळी शोधता शोधता तिच्या हाताला मी लागलो. तिने मला बाहेर काढलं, उंच धरलं आणि साऱ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आजी, ही बाहुलीची बंदूक कोणाची? मला का नाही दिलीस?"

मित्रांनो, दोष तिचा नव्हता. गुलाबी वस्तू खेळण्यातली असते, हे तिला मोठ्यांनीच शिकवलं होतं.

पुढचं फार थोड्या वेळात झालं. पहिल्या तीन बाकांवरची मंडळी बाकांखाली दडली. मागच्या बाकांवरच्या चौदा जणांचे हात आपापल्या कोटातल्या पिस्तुलांकडे गेले, आणि समोर पाच वर्षांची पोर आहे हे ध्यानात आल्यावर चौदाही जण बरगडी खाजवल्यासारखं करू लागले. धर्मोपदेशक म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." त्या चर्चमध्ये इतक्या मनापासून प्रार्थना त्याआधी झालेली मी ऐकली नव्हती.

वेंडेल पांढराफटक पडला होता. एक हात छातीवर, दुसरा नातीकडे.

"रेनी," ओपलबाई शांतपणे म्हणाल्या, "खाली धर बाळा. दे आजीला. अशी. शहाणी माझी."

बाहेर गाडीत बसल्यावर, रेनी तिच्या आईकडे गेल्यावर, वेंडेलने मला हातात घेतलं. आधी स्लाइड ओढून पाहिली. नळी रिकामी. मग मुठीत बोट घातलं. तिथे मॅगझिन नव्हतं. तिथे वितळून पुन्हा घट्ट झालेली एक पेपरमिंट होती, कागदासकट.

"गोळ्या कुठायत?"

"बटणांच्या डब्यात. तू आणलंस त्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

"तिसऱ्या..." वेंडेलला मोजायला वेळ लागला. "अगं दोन वर्षं! दोन वर्षं मी रोज विचारतोय, आहे का म्हणून!"

"आहे का, एवढंच विचारायचास. चालतं का, असं कधी विचारलंस?"

"मला सांगायचं होतंस की, ओपल."

"काय सांगू? हे बघ." बाईंनी दोन्ही हात त्याच्या मांडीवर ठेवले. गाठी वर करून. "शेहेचाळीस वर्षं माझा हात धरून चर्चला येतोस म्हाताऱ्या. अंगठे बघितले नाहीस कधी? मला ते ओढताच येत नाही. तुझी झडप जायच्या बेतात होती. तुला झोप हवी होती. या डबड्याने तुला झोप येत होती, म्हणून मी ते मिरवत होते. मला वाचवायला नव्हतं ते. तुला वाचवायला होतं."

वेंडेलने त्या हातांकडे पाहिलं. मग एक अंगठा आपल्या बोटांत धरून हळूच वाकवून पाहिला. जिथे तो अडला तिथे थांबला.

"आणि आज रेनी..." तो म्हणाला.

"ते माझं चुकलं. रिकामं असलं तरी ते पोरीच्या हाताला लागेल असं ठेवायचं नव्हतं. ते मी माझ्या पदरात घेते."

सोमवारी दोघं गसच्या दुकानात गेले. या वेळी पर्स वेंडेलच्या हातात होती.

"ओपलबाई, या खालच्या फळीवर बघा," गस लगबगीने म्हणाला. "आता जांभळं आलंय."

"जांभळं तुझ्या बायकोला दे गस. तिने मागितलं असेल तर. मला वरची फळी दाखव."

"वरची पुरुषांची आहेत हो."

"स्लाइडला काय माहीत ओढतंय कोण?"

बाईंनी एकेक रिकामं पिस्तूल घेतलं आणि गाठींच्या हातांनी ओढून पाहिलं. अडलं की बाजूला. सातवं पिस्तूल काळं, थोराड, माझ्या दुप्पट वजनाचं आणि दिसायला अगदीच कुरूप होतं. त्याची स्लाइड लोण्यातून सुरी जावी तशी मागे गेली. बाईंनी ती दहा वेळा ओढली.

"पर्समध्ये मावायचं नाही हे," गस म्हणाला.

वेंडेलने घसा साफ केला. "पर्स मोठी घेऊ," तो म्हणाला. मग बायकोकडे वळून, जरा अवघडून, त्याने त्या घरात आजवर कधी न विचारलेलं विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, घरासाठी कुलपाची पेटीपण घेऊ," ओपलबाई म्हणाल्या. "आणि ती होडी विकू."

तर मित्रांनो, आता मी त्या पोलादी पेटीत कोपऱ्यात असतो. माझ्या शेजारी ते काळं थोराड पिस्तूल. ते फारसं बोलत नाही. त्याला दर महिन्याला तेल मिळतं, मला नाही. माझी तक्रार नाही. मला निवडलं ते प्रेमानेच, फक्त ज्या हातासाठी निवडलं तो हात कोणी पाहिला नव्हता.

तुम्ही लहान असाल तर माझ्यासारखं काही कुठे दिसलं, मग ते गुलाबी असो की जांभळं, हात लावू नका. तिथून दूर व्हा आणि मोठ्या माणसाला सांगा. तुम्ही मोठे असाल तर आम्हाला कुलपात ठेवा. आणि आपल्या माणसासाठी काही निवडायचं असेल, पिस्तूल असो की होडी, आधी त्या माणसाला विचारा.

माझं म्हणणं एवढंच. फक्त कोणी पेटी उघडणार असेल तर एक करा: मुठीत अडकलेली ती पेपरमिंट तेवढी काढा. मुंग्या यायला लागल्यात.