चौथी खूण

मुलं माझ्या पाठीमागे मला तोफ म्हणतात. मला ते माहीत आहे आणि त्याचं वाईट वाटत नाही. बावीस वर्षं सातवीला भूमिती शिकवूनही ज्याचा आवाज चढला नाही, त्याने शिकवलंच नसणार. पुठ्ठ्याचा चौरस सरळ धरला की वर्ग ‘चौरस’ म्हणतो. तोच जरा फिरवून कोपऱ्यावर उभा केला की निम्मा वर्ग ओरडतो, ‘पतंग!’ अरे, मी फिरवला म्हणून त्याच्या बाजू बदलल्या का? तुम्ही आडवे झोपलात की तुमचं नाव बदलतं का? हे मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी कोणीतरी हसता हसता बाकावरून पडतं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मिस्तरीण शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मिस्तरीण म्हणजे सातवीतली एक शिडशिडीत मुलगी. वडील दारं-खिडक्या बसवणारे मिस्तरी, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं आणि तिने ते मिरवलं. हातात निवड चाचणीचा पेपर होता. सातवीच्या शेवटी ही चाळीस गुणांची चाचणी होते. बत्तीस किंवा जास्त मिळाले तर अ तुकडी, म्हणजे पुढे पूर्ण गणित. कमी मिळाले तर ब तुकडी, म्हणजे कामापुरतं गणित, आणि मग गणिताला कायमचा रामराम. हे पेपर आजवर मुलांना कधीच परत मिळत नसत, नुसते गुण कळत. या वर्षी वरून नियम आला की पेपर दाखवायचे. यादी दुपारी तीनला फळ्यावर लागणार होती.

मिस्तरिणीला एकतीस होते.

“बाई, नववा प्रश्न बघता का?”

बघितला. ‘पुढील सहा आकृत्यांपैकी आयत असलेल्या सर्व आकृत्यांवर खूण करा.’ दोन लांबट आयत सरळ, एक तिरका. एक समांतरभुज चौकोन, एक समलंब आणि एक चौरस. मिस्तरिणीने तीन आयतांवर खूण केली होती आणि चौथी चौरसावर. प्रश्नावर लाल फुली. दोनपैकी शून्य.

“चौरसावर का केलीस?” मला उत्तर माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

“चारही कोन काटकोन आहेत ना, बाई. तुम्हीच सांगितलं होतं, कोन बघा, लांबी-रुंदी नंतर. आणि आमचे बाबा चौकट बसवताना तेच करतात. समोरासमोरच्या बाजू मोजतात, मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात टेप लावतात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली की चौकट गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात. खिडकी चौरस असली म्हणून वेगळं काही करत नाहीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीने शिकवलेलं डोक्यात ठेवलं, बापाच्या कामाशी ताडून बघितलं आणि त्याबद्दल तिला शून्य! पेपर नव्या सरांनी तपासले होते. हे सर दोन महिन्यांपूर्वी आलेले, शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीला टेकूनही न बसणारे. मी त्यांच्यापुढे पेपर आपटला.

“चौरस आयत नसतो, हे तुम्हाला कोणत्या कॉलेजात शिकवलं?”

“असतो ना, बाई,” ते घाबरून म्हणाले. “पण उत्तरसूचीत तीन आहेत. मी सूचीप्रमाणे तपासलं.”

“आणि डोकं कुठे ठेवलं होतं? स्टँडवर, सायकलजवळ?”

त्यांचे कान लाल झाले. मला जरासुद्धा दया आली नाही. मी पेपर उचलून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. दार वाजवलं की नाही, आठवत नाही.

मुख्याध्यापक शांत माणूस. आग लागली तरी आधी अर्ज मागतील. त्यांनी पेपर पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

“बाई, चौरसाला आयतच म्हणायचं असेल, तर मग चौरस हे वेगळं नाव कशाला?”

“सर, तुम्हाला मुख्याध्यापक हे वेगळं नाव आहे. म्हणून तुम्ही शिक्षक नाही का?”

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. मी सुटलेच होते. ही सूची कोणत्या गाढवाने बनवली, त्याला भूमिती सोडा, चार बोटं तरी मोजता येतात का, असल्या माणसाला मुलांच्या वाऱ्याला उभं करू नये. मी बोलत होते आणि ते कपाटाचं कुलूप काढत होते. त्यांनी एक पिवळी फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली.

सहा वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका, तिला जोडलेली उत्तरसूची. खाली ‘तयार करणार’ आणि त्यापुढे माझी सही. तेव्हापासून दरवर्षी तोच पेपर निघत होता.

मला लख्ख आठवलं. दुसऱ्या वर्गाच्या परीक्षेवर पहारा करत होते आणि मांडीवर वही ठेवून आकृत्या काढत होते. काढून झाल्यावर नजरेने आयत मोजले. लांबट दिसले ते तीन. वर्गात कोन बघा, कोन बघा म्हणून घसा फोडणारी मी, स्वतः मात्र नुसतं लांबट काय ते बघितलं. तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले.

“बसा,” सर म्हणाले. “असं करू. तिला टापटिपीचा एक गुण वाढवून देतो. बत्तीस होतात. मुलगी अ तुकडीत, तुम्ही सुखात, मी सुखात. सूचीचं पुढच्या वर्षी बघू.”

आणि मी, तोफ, मान डोलावून बाहेर आले. इतकंच नाही, मला हायसं वाटलं. हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय, पण वाटलं ते वाटलं.

मिस्तरीण अजून दारातच होती. “मिळाला तुला एक गुण,” मी म्हटलं. “टापटिपीचा. जा आता.”

तिने माझ्या हातातला पेपर घेऊन उलटून दाखवला. मागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शाई सांडली होती. “कसली टापटीप, बाई?”

“मिळतंय ते घे की मुकाट्याने!”

“घेते. पण चौथी खूण बरोबर की चूक, ते सांगा ना.”

“तुला तुकडीशी मतलब की खुणेशी?” मी केवढ्याने ओरडले! व्हरांड्यातली मुलं जागच्या जागी थांबली. तिचे डोळे भरले, पण ती हलली नाही.

“चूक असेल तर मला अ तुकडी नको,” ती म्हणाली. “मग मला समजलेलंच नाही, असं झालं ना.”

मी तिच्यावर का ओरडले? कारण नव्या सरांवर, मुख्याध्यापकांवर, सूचीवर ओरडून झालं होतं आणि जिच्यावर ओरडायला हवं होतं ती मी होते. तिथे माझी हिंमत होत नव्हती.

मी परत आत गेले. या वेळी दार वाजवलं. सरांच्या टेबलावरचाच कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘निवड चाचणी, प्रश्न नऊ. माझी उत्तरसूची चुकीची आहे. चौरस हा आयत असतो. अचूक उत्तर चार आकृत्या. चूक माझी.’ सही केली.

“हे तुमच्या सेवापुस्तकाला लागेल,” सर म्हणाले. “आणि मागच्या वर्षांचं कोणी विचारलं, तर?”

“विचारू दे,” मी तोऱ्यात म्हटलं. त्या प्रश्नाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. मला तेव्हा एकच मुलगी दिसत होती.

पुढचा तास सातवीवरच होता. नवे सरही मागे येऊन उभे राहिले, मीच बोलावलं होतं. मी फळ्यावर सहाही आकृत्या काढल्या, चारांवर खूण केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं: “नवव्या प्रश्नात मी चुकले. सर नाही, मी. वर्गात एकीनेच चार खुणा केल्या आणि तिचंच बरोबर आहे. तिचे दोन गुण तिला मिळाले. तेहतीस.”

मिस्तरीण बाकावर ताठ बसली. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. खरं सांगायचं तर मलाही स्वतःचं थोडं कौतुक वाटलं. एवढ्या मोठ्या बाईने चूक कबूल केली वगैरे.

टाळ्या थांबल्या, तेव्हा खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. अबोल मुलगी. वर्षभरात तिचा आवाज मी दोनदा ऐकला असेल.

“बाई, माझ्या ताईनेपण चार खुणा केल्या होत्या. चार वर्षांपूर्वी. घरी येऊन मला आकृत्या काढून दाखवल्या होत्या.”

त्या वर्षीचे पेपर मी तपासले होते. सगळे, एकटीने.

“किती मिळाले होते तिला?” मी विचारलं. या वेळी माझा आवाज चढला नाही.

“तीस,” ती म्हणाली. “अभ्यास केला नाही म्हणून बाबांनी तिला खूप मारलं होतं, बाई.”