समासातली आई

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘दुमडलेलं पान’. साठ वाचक, निम्मे वाकडच्या टॉवरमधले आयटीवाले. कंपनीत आठ तास उभं राहून काम करणारी मी एकटीच. चाकणला वायरिंगच्या लाइनवर तपासणीला आहे, बारा वर्षं झाली. तरी ग्रुपात मला कुणी कधी कमी लेखलं नाही, असं मी परवापर्यंत सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. मूर्ख मी!

पद्धत अशी. दर महिन्याला एक पुस्तक ठरतं आणि त्याच्या चार-पाच प्रती हातोहात फिरतात. कधी खलाशाचं आत्मचरित्र, कधी तमिळ कथांचा अनुवाद. एकदा मुंग्यांवरचं जाडजूड पुस्तक आलं होतं, तेही मी जेवणाच्या सुट्टीत संपवलं. वाचताना सुचेल ते समासात पेन्सिलनं लिहायचं, खाली नावाचं पहिलं अक्षर टाकायचं आणि पुढच्यानं तेही वाचायचं. मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सगळे ऑनलाइन जमतात. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. रविवारी ते बोलत असतात तेव्हा मी लाइनवर आणि मोबाइल लॉकरमध्ये. म्हणून माझं जे काय बोलणं, ते समासात.

माझ्यानंतर पुस्तक जायचं मंजुषाताईंकडे. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, निगडी प्राधिकरणात बंगला. मी कंपनीच्या बसमधून उतरायचे तेव्हा त्या स्टॉपवर उभ्या असायच्या, पुस्तक घ्यायच्या आणि हातात काहीतरी डबा द्यायच्या. सोमवारी सकाळी न चुकता फोन. “वर्षाली, तुझं लिहिलेलं काल सगळ्यांना फार आवडलं गं.” त्या एका फोनवर माझा आठवडा निघायचा. चार वर्षं.

गेल्या महिन्यात चहाच्या मळ्यातल्या एका बाईवरची कादंबरी होती, आसामीतून आलेली. ती बाई उपाशी असते आणि शेजारच्या स्वयंपाकाचा वास घेत खिडकीत बसते. दोन पानं नुसता वास. मला रागच आला. मी समासात लिहिलं, “या लेखकाला भूक माहीत नाही. परभणीत आमच्या खोलीशेजारी खानावळ होती. फोडणीचा वास आला की माझी आई खिडकी लावून घ्यायची. डास येतात म्हणायची. मे महिन्यातसुद्धा. व.” हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

त्या महिन्याची बैठक ग्रुपच्या वर्धापनदिनाची, म्हणून आमच्या ॲडमिननं, मिनलनं, ती पहिल्यांदाच रेकॉर्ड केली. गुरुवारी सकाळी तिनं ती ग्रुपवर टाकली आणि मेथी निवडत मी ऐकायला लावली. मंजुषाताईंचा आवाज आला. “या लेखकाला भूक माहीत नाही,” त्या म्हणाल्या. मी हसले. म्हटलं, आता माझं नाव घेतील. त्या पुढे म्हणाल्या, “माझी आई खिडकी लावून घ्यायची. डास येतात म्हणायची.” आवाज थोडा कापराही केला होता. कुणीतरी रडलं. मिनल म्हणाली, “ताई, तुमच्या आईंना आमच्या सगळ्यांचा नमस्कार.” पुढच्या महिन्यातल्या मेळाव्यात पहिलं भाषण त्यांचंच, असंही तिथेच ठरलं.

मेथी तशीच टाकून मी निगडी गाठली. मंजुषाताईंनी हसून दार उघडलं. सगळीकडे फिरून परत आलेलं पुस्तक टेबलावरच होतं. मी ते पान काढलं. समास कोरा. खोडरबरानं घासून कागद पातळ झाला होता. इतरांची अक्षरं जागच्या जागी, फक्त माझी गायब. मागच्या पुस्तकांचंही हेच झालं असणार. माझ्यानंतरच्या वाचकांनी मला कधी वाचलंच नव्हतं. सगळ्यांना काय, कुणालाच माझं म्हणून काही आवडलेलं नव्हतं.

“ताई, हे तुम्ही कामून केलं?” मी विचारलं.

“अगं, रविवारी तू नसतेस,” त्या म्हणाल्या. “वाया गेलं असतं सगळं. इतकं चांगलं लिहितेस तू. मी ते लोकांपर्यंत पोचवलं.”

“पोचवलं? माझी माय तुमची केली तुम्ही!”

तेवढ्यात आतून त्यांच्या आई आल्या, विमलबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, ऐंशीच्या घरातल्या, गोऱ्यापान. हातात थालीपीठाची ताटली. “बस गं, गरम आहे तोवर खा,” मला म्हणाल्या. “सकाळपासून बायका मला फोन करतायत. तुम्ही किती सोसलंत म्हणतात. मी काय सोसलंय, मंजू?”

“ते माझ्या मायचं होतं, आजी,” मी म्हणाले. “तुमच्या लेकीनं तुमच्या नावावर खपवलं.”

आजींनी ताटली खाली ठेवली. लेकीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, “फोन लाव त्या मिनलला. माझ्यासमोर.”

मंजुषाताईंनी लावला, स्पीकरवर. वाटलं, बाई चुकली, पण आता बोलेल. चार वर्षांचा डबा खाल्लाय मी हिचा.

“मिनल, अगं ते खिडकीचं,” त्या म्हणाल्या. थांबल्या. “आपल्या वर्षालीच्या आईचंही अगदी तसंच होतं बरं का.”

“हो? काय योगायोग!” मिनल म्हणाली. “मग मेळाव्यात तुमच्यानंतर दोन मिनिटं त्यांनाही देऊ या ना.”

“देऊ या की,” मंजुषाताई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू आता तरी माझं समाधान व्हायला हवं.

आजी ताटली उचलून आत गेल्या. त्यांची लेक होती शेवटी. मी चपला घातल्या आणि निघाले. फाटकापाशीच ग्रुपमधून बाहेर पडले, पण राग काही उतरेना. आधी वाटलं, मंजुषाताईंचा आहे. स्टॉपपर्यंत चालत आले तेव्हा कळलं की अर्धा माझाच आहे. आईनं जे मरेपर्यंत शेजारणीलाही कळू दिलं नाही, ते साठ लोकांना वाचायला मीच दिलं होतं.