खाऱ्या पाण्याची आंघोळ

मी एक जुनी रेल्वेगाडी आहे. जुनी असं मी म्हणायचं. दुसऱ्याने म्हटलेलं मी खपवून घेत नाही. मित्रांनो, तुम्ही माझ्या नातवंडांच्या वयाचे, म्हणून आधीच सांगून ठेवते. मला अक्षरओळख नाही. माझ्या अंगावर माझं नाव जपानीत लिहिलंय, तेही मला वाचता येत नाही. पण बोगदा कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो, हे मला डोळे मिटून कळत असे.

माझा जन्म जपानचा. समुद्राकाठच्या एका खासगी कंपनीच्या लाइनवर मी पस्तीस वर्षं धावले. शहरातली दमलेली माणसं गरम पाण्याच्या झऱ्यांवर अंग शेकायला जायची, त्यांना मी न्यायची. माझ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या. डोंगराकडे मी पाठच फिरवली होती, म्हणा ना. वेळ कधी चुकवली नाही. मग कंपनीने चकचकीत गाड्या आणल्या आणि मला शेडच्या कोपऱ्यात उभं केलं. चार वर्षं कुणी दार उघडलं नाही. मी रडले नाही. धूळ बसली, तेवढंच.

पुढे मला सौदीतल्या एका हॉटेलवाल्याने विकत घेतलं. तबूककडच्या किनाऱ्यावर, तांबड्या समुद्राला लागून त्याची छोटी लाइन आहे. तिथे मला हाशिर भेटला. रत्नागिरीकडचा, होडीवाल्यांच्या घरातला. माझी देखभाल त्याच्याकडे. मला तो ‘बाय’ म्हणायचा. रोज संध्याकाळी समुद्रात पंप सोडायचा आणि मला न्हाऊ घालायचा. म्हणायचा, “बाय, ऐश कर. माझ्या बायकोचे पाय पण मी कधी धुतले नाहीत.”

माणसांशी मला बोलता येत नाही आणि खरं सांगायचं तर मी लाडावलेही होते. वर्षभर मजेत न्हायले.

मग तपासणीचे दिवस आले. सौदीतल्याच हाइल शहरातून समाधान नावाचा नवा मिस्त्री आला. तो माझ्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

“हाशिरभाई, हिला पाणी कुठलं मारता?”

“समुद्राचं. आमच्या होडीला तेच मारतात. फळी सुकत नाही, तडकत नाही.”

“होडी लाकडाची. ही लोखंडाची. तुम्ही वर्षभर हिला मीठ चोळलंत.”

हाशिरने हातातला पाइप खाली ठेवला. समाधान हळू आवाजात म्हणाला, “आता गप्प राहा. उद्या लाइनचे मॅनेजर उसामासाहेब बघतील, म्हातारी झाली असं लिहितील. तुमचं नाव कशाला येतंय? इकामा सांभाळा, इथे राहायचा परवाना गेला तर घरी जावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी उसामासाहेब आले. माझ्या पायरीला बोट लावलं, तर पापुद्रा निघाला. “खलास,” ते म्हणाले. “म्हातारी झाली. बागेत ठेवा, आत आइस्क्रीम विका.”

मित्रांनो, पस्तीस वर्षं वेळ पाळलेल्या बाईने आइस्क्रीम विकायचं? माझ्या सगळ्या काचा गरम झाल्या.

तेवढ्यात हाशिर पुढे झाला. मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, “साहेब, ती म्हातारी नाही झाली. मी तिला खाऱ्या पाण्याने धुतलं. चूक माझी.”

“नोकरी जाईल, कळतंय?”

“जाईल तर जाईल. बायच्या वयावर घालू नका.”

मग समाधानने शिडी आणली. “साहेब, वर चढा. पाइप पोचत होता तिथपर्यंतच गंज आहे. छपराजवळ जपानचा रंग जसाच्या तसा आहे. पायऱ्या आणि खालचे पत्रे बदलले की ही धावेल.”

उसामासाहेब चढले, उतरले, पुन्हा चढले. शेवटी हाशिरकडे बोट करून म्हणाले, “पत्रे बदला. आणि खरवडायचं काम याच्याकडून करून घ्या. सगळं.”

हाशिरने दीड महिना मला खरवडलं. हाताची सालटी निघाली. आज मी पुन्हा धावते आहे, वेळेवर.

जीव लावणारे पुष्कळ असतात, मित्रांनो. समोरच्याला काय सोसतं, हे विचारणारा एखादाच. हाशिर आता गोड्या पाण्याचा पाइप ओढून आणतो, पहिली धार स्वतःच्या जिभेवर घेतो, आणि मगच माझ्या अंगावर सोडतो.