झेल्मिराची तांबी

ओतिलियाच्या मंगळवारच्या वर्गाला बायका यायच्या त्या मुख्यतः हसायला. रोमा जिप्सींच्या वस्तीच्या तोंडाशी नगरपालिकेने एक पत्र्याचा कंटेनर आणून ठेवला होता. त्यात लोखंडी शेगडी पेटवून, टेबलावर गोळ्यांची पाकिटं, निरोध आणि गर्भाशयाचं प्लास्टिकचं मॉडेल मांडून ती बसायची. ती शहरातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सुईणपणाचं शिक्षण घेतलेली, पन्नाशीला टेकलेली, आवाजाने जरा खरखरीत. बायका तिला सिस्टर म्हणत आणि तिच्या तोंडावर तिची नक्कलही करत.

त्या मंगळवारी झेल्मिरा पहिल्यांदाच आली. तीसुद्धा स्वतःसाठी नाही, नणंद साबिना पोटुशी होती, तिला सोबत म्हणून.

"तू गं कशाला आलीस?" कोणीतरी टोमणा मारला. "तुला तर देवानेच फुकटात सोय करून दिलीय!"

कंटेनर हसण्याने दणाणला. झेल्मिराने मान खाली घातली. सतराव्या वर्षी तिला एक मुलगी झाली होती, त्यानंतर सहा वर्षं काही नाही. वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ओतिलियाने टेबलावर हात आपटला. "हसून झालं असेल तर इकडे बघा. ही तांबी. गर्भाशयात बसवतात. आत आहे तोवर दिवस जात नाहीत, काढली की जातात. घ्या, हातात घेऊन बघा."

इंग्रजी टी अक्षरासारखी ती इवलीशी वस्तू हातोहात फिरत झेल्मिरापर्यंत आली. तिच्या खाली लोंबणारा बारीक दोरा तिने दोन बोटांत धरला आणि चोळून बघितला. पुन्हा चोळला.

"सिस्टर, हा दोरा कुठे राहतो?"

"गर्भाशयाच्या तोंडातून जरासा बाहेर. बोट घातलं तर हाताला लागतो."

झेल्मिराने तांबी साबिनाकडे दिली. सगळ्या गेल्यावर दाराशी उभी राहून म्हणाली, "मला असा दोरा लागतो."

"कधीपासून?"

"मुलगी झाली तेव्हापासून. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, बाळंतपणातला टाका आहे, ओढू नकोस, मरशील."

ओतिलियाची कानशिलं तापली. तिने दुसऱ्याच दिवशी झेल्मिराला दवाखान्यात बोलावलं, टेबलावर घेतलं, दिवा जवळ ओढला. शंका घ्यायला जागाच नव्हती. दोरा समोर दिसत होता.

"झेल्मिरा, तुझ्या आत तांबी आहे."

झेल्मिरा छताकडे बघत पडून राहिली. "मी कधी बसवली?"

"तू नाही बसवलीस. बाळंतपणातच कोणीतरी बसवलीय."

"सासूने मला तीन गावच्या बायकांकडे नेलं. कसले कसले काढे पाजले, तोंड भाजेपर्यंत. नवरा, कोर्नेल, म्हणतो, दुसरी आणतो. लेकीला रस्त्यात पोरं विचारतात, तुझी आई आतून सुकलीय का गं?" ती उठून बसली. रडत नव्हती. "आणि बाळंतपण केलं त्याच मोठ्या डॉक्टरकडे मी मूल होत नाही म्हणून गेले होते, सिस्टर. दोनदा. तो म्हणाला, निसर्गावर सोड, जरा अंघोळ करत जा."

ओतिलियाने एप्रन काढून फेकला. "चल."

इस्पितळात बाळंतपण विभागाचे प्रमुख डॉक्टर ग्रेगुश कॉफी पीत बसले होते. ओतिलियाने दार ठोठावलंच नाही.

"तुम्ही हिला न सांगता तांबी बसवलीत."

डॉक्टरांनी आधी कप खाली ठेवला, मग चष्मा पुसला. "ओतिलियाबाई, दार तरी लावा. सांगितलं असेलच. त्यांच्या लक्षात राहत नाही."

"नाही सांगितलं," झेल्मिरा म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे न बघता ओतिलियाशीच बोलत राहिले. "सतरा वर्षांची पोर. पुढच्या वर्षी दुसरं घेऊन आली असती, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. ह्या लोकांना समजावून काही उपयोग असतो का? तुम्ही इतकी वर्षं तो तमाशा चालवताय, काय फरक पडला? मी तिच्या भल्याचंच केलं."

"मी समोर उभी आहे," झेल्मिरा म्हणाली. "माझ्याशी बोला."

डॉक्टरांनी नाइलाजाने मान वळवली.

"ती मुलगी झाली तेव्हा मी मरता मरता वाचले होते," झेल्मिरा म्हणाली. "दोन रात्री ओरडत होते. तुम्ही तेव्हा येऊन नुसतं म्हणाला असतात, की पोरी, अशी एक वस्तू आहे, काही वर्षं सुटका होईल, तर मी तुमचे पाय धरले असते. मी हो म्हटलं असतं, डॉक्टर! आनंदाने. तुम्ही विचारलंच नाहीत. आणि मी रडत आले तेव्हासुद्धा तुम्ही गप्प बसलात. वर अंघोळ कर म्हणालात."

"हे बघ, आवाज चढवू नकोस."

"काढा ती."

"नंबर लावून ये. पुढच्या आठवड्यात..."

झेल्मिरा आतल्या खोलीत गेली आणि तपासणीच्या टेबलावर चढून आडवी झाली. "आत्ता. नाहीतर मी इथून हलत नाही."

ओतिलिया दारात हाताची घडी घालून उभी राहिली. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे, एकदा आवाज ऐकून कॉरिडॉरमध्ये जमलेल्या बायकांकडे बघितलं आणि हातमोजे चढवले. काम क्षणभराचं होतं. ते बघून ओतिलियाला जास्तच चीड आली. एवढंसं काम, आणि त्यासाठी एका बाईची सहा वर्षं नासवली.

बातमी त्यांच्या आधी वस्तीत पोचली. सासू, इर्मा, दारातच झेल्मिराच्या गळ्यात पडली. "माझी पोर ती! मी म्हणतच होते, माझ्या सुनेत खोट नाही."

"तुम्ही असं कधीच म्हणाला नाहीत, सासूबाई," झेल्मिरा म्हणाली.

इर्माने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तव्यावर रोटी टाकली, कोर्नेलला दारू आणायला पिटाळलं. तो बाटली घेऊन हसत आला आणि म्हणाला, "आता बघा, वर्षाच्या आत मुलगा."

झेल्मिरा ओतिलियाकडे वळली. "सिस्टर, त्या गोळ्या कशा घ्यायच्या ते परत सांगा. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं."

कोर्नेलचं हसू विझलं. "गोळ्या? वेड लागलंय का तुला? सहा वर्षं मूल मूल करून जीव खाल्लास आणि आता..."

"जीव तू खाल्लास. मूल मला हवंय. पण आधी डॉक्टरने ठरवलं, आता तू आणि तुझी आई ठरवणार, मग मी कधी ठरवणार? जरा माझ्या अंगात माझी मला राहू दे. मग मी सांगेन."

कोर्नेलने बाटली भिंतीवर आपटली आणि तो निघून गेला. तीन दिवस घरी आला नाही. मग आला, सरपण फोडत बसला. झेल्मिरा गोळ्या खिडकीत सर्वांना दिसतील अशा ठेवायची.

पुढच्या मंगळवारी कंटेनरमध्ये बसायला जागा उरली नाही, आणि हसणं कुठे ऐकू आलं नाही. आपल्यालाही तपासा म्हणून बायकांनी रांग लावली. आणखी दोघींच्या आत तांबी निघाली. त्यातली एक तर हे ऐकून ओतिलियावरच धावून गेली. "तुम्ही सगळ्या पांढऱ्या कपड्यांतल्या सारख्याच!" ओतिलियाने ते ऐकून घेतलं.

तिने वर तक्रार केली. चौकशीला आलेल्या साहेबांनी डॉक्टर ग्रेगुशांसोबत जेवण केलं आणि उपचार योग्यच होता असं कळवलं. ओतिलियाला मात्र सहकाऱ्यांशी नीट वागण्याची समज दिली. इस्पितळातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी तिला रस्त्यात बघून पलीकडच्या फुटपाथवर जाऊ लागल्या. डॉक्टर काय करतात ते त्यांना आधीपासून माहीत होतं, म्हणून त्या जात होत्या. हे तिला सर्वात जास्त लागलं.

वसंतात साबिना बाळंत झाली. त्याच दुपारी दवाखान्याचा फोन वाजला. इस्पितळातली मुख्य नर्स होती, आवाज चढलेला.

"तुमची ती झेल्मिरा इथे नणंदेच्या पलंगाशी ठाण मांडून बसलीय. कोणी ट्रे घेऊन आलं की विचारते, हे काय आहे, कशासाठी आहे, आधी तिला सांगा. आम्ही कामं करायची की नाही? येऊन घेऊन जा तिला."

मागून झेल्मिराचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "मी ओरडत नाहीये. विचारतेय."

"मी येणार नाही," ओतिलिया म्हणाली. "ती विचारतेय त्याचं उत्तर द्या. माहीत नसेल तर शिकून या. मंगळवारी माझ्याकडे वर्ग असतो."